‘जगा’त परत कधी? व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांची बोली

व्हिएतनाममध्ये लढणारा अमेरिकन सैनिक आपल्या देशाला अमेरिका म्हणत नसे. तो म्हणायचा ‘द वर्ल्ड’, म्हणजे जग. जगात परत गेल्यावर काय खायचं, जगात सध्या कुठली गाणी चालली आहेत, जगातून पत्र आलं का, अशा गप्पा चालायच्या. तो स्वतः ज्या मातीवर उभा असे तिचं नाव ‘इन कंट्री’. देशात. कुठल्या देशात, हे सांगायची गरज पडत नसे.

हे दोन शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. त्याला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला आणून सोडलंय आणि त्याच्या लेखी जग मागे राहिलंय. मग इथली भातखाचरं, म्हशी, चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायका, देवळं, गावं हे सगळं जगाच्या हद्दीबाहेरचं झालं. पुढे या युद्धात जे घडलं त्यातलं बरंचसं मला या एका शब्दात दिसतं. म्हणून इथे लढायांचा क्रम सांगत नाही, त्या युद्धाचे शब्द उलगडून सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. व्हिएतनाम ही फ्रेंचांची वसाहत. १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंच हरले आणि जिनिव्हात झालेल्या करारानं देशाचे तात्पुरते दोन भाग झाले. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्यावर उभं असलेलं सरकार. करार पाळला जातो की नाही हे बघायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. दोन वर्षांनी निवडणूक घेऊन देश एक करायचा होता, ती निवडणूक झालीच नाही. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन, म्हणजे समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या वेगळ्या दलाचे सैनिक, दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. एप्रिल १९६९ पर्यंत तिथल्या अमेरिकन सैनिकांची संख्या सुमारे ५,४३,००० झाली. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं.

एवढं सगळं होऊनही अमेरिकेच्या संसदेनं कधी युद्ध पुकारलंच नव्हतं. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं आणि अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा एक ठराव झाला, त्यावरच सगळा डोलारा उभा राहिला. त्यामुळे सरकारी कागदात बरीच वर्षं ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे संघर्ष हाच शब्द फिरत राहिला. व्हिएतनाममध्ये याच युद्धाला ‘अमेरिकेविरुद्धचं प्रतिकारयुद्ध’ म्हणतात. तिकडच्या भाषेत अमेरिकेला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण आपल्या ‘मी’सारखा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘सुंदर’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे एका गावाच्या नावात तो पुन्हा येणार आहे.

शत्रूला नाव कोण देतो

दक्षिणेतल्या बंडखोरांना जगभर ‘व्हिएत काँग’ म्हणतात. त्यांनी स्वतः हे नाव घेतलेलं नव्हतं. त्यांची संघटना होती राष्ट्रीय मुक्ती आघाडी, स्थापना २० डिसेंबर १९६०. ‘व्हिएत काँग’ म्हणजे ‘व्हिएतनामी कम्युनिस्ट’ याचं तुटक रूप. ते रूढ केलं सायगावच्या सरकारनं, हिणवण्यासाठी. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण ज्याला अभिमानानं गनिमी कावा म्हणतो, त्यातला गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या लेखी गनीम म्हणजे मराठे. शत्रूनं ठेवलेलं नाव आपण उचललं आणि मिरवलं. आघाडीच्या लोकांनी मात्र ‘व्हिएत काँग’ कधी आपलंसं केलं नाही.

या नावाची इंग्रजी आद्याक्षरं व्ही आणि सी. बिनतारी यंत्रावर खरखरीत अक्षरं चुकीची ऐकू जाऊ नयेत म्हणून लष्करात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द असतो: ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो. तसं व्ही म्हणजे व्हिक्टर आणि सी म्हणजे चार्ली. ‘व्हिक्टर चार्ली’ म्हणता म्हणता व्हिक्टर गळून गेला आणि चार्ली राहिला. चार्ली हे अमेरिकेत गल्लोगल्ली सापडणारं नाव. दिवसा न दिसणारा, रात्री वाटेवर सुरुंग पेरून जाणारा, सकाळी कदाचित शेतात नांगर धरून उभा असणारा शत्रू. त्याला सैनिकांनी आपल्या शेजाऱ्याचं नाव दिलं. दिवस आमचा, रात्र चार्लीची, असं ते म्हणत. त्याच्या चिवटपणाला दाद द्यायची असली की चार्लीचा ‘मिस्टर चार्ल्स’ व्हायचा, कधी ‘सर चार्ल्स’ही.

चार्ली हा लढणारा माणूस होता. सगळ्याच व्हिएतनामींसाठी जे शब्द होते ते वेगळे आणि घाणेरडे होते: ‘गूक’, ‘डिंक’, ‘स्लोप’. यातला ‘गूक’ व्हिएतनामच्या बराच आधीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैनिक जिथे जिथे गेले, फिलिपिन्स असो की हैती, तिथल्या माणसांना त्यांनी तो लावला. मग कोरियात नेला, तिथून व्हिएतनामला. म्हातारी, बाळ, शत्रू, आणि अमेरिकेच्याच बाजूनं लढणारा दक्षिण व्हिएतनामी सैनिक, या सगळ्यांना एकच शब्द. भरती झालेल्या पोरांना प्रशिक्षण छावणीतच तो तोंडी बसवला जाई. माणसाला माणूस म्हणून न बघायची सवय आधी जिभेला लावतात, हाताला ती नंतर लागते. हे मी शैलीसाठी लिहीत नाही. पुढे माय लाई या वस्तीपाशी आलो की ते दिसेलच.

पाच-दहा शब्दांची व्हिएतनामी

वर्षभर त्या देशात राहून बहुतेक सैनिक स्थानिक भाषेतले मोजके शब्द शिकले. ते कोणते होते ते बघण्यासारखं आहे. ‘दी दी माव’ म्हणजे चल निघ, लवकर. ‘डिंकी डाव’ म्हणजे डोकं फिरलेला. मूळ व्हिएतनामी शब्दप्रयोग अगदी आपल्यासारखाच, डोक्याला लागलेलं वेड. ‘सिन लॉय’ म्हणजे माफ करा. हा शब्द सैनिकांच्या तोंडी पडला आणि उलटा झाला: वाईट झालं खरं, पण त्याला मी काय करू, असा त्याचा सूर झाला. ज्या माफीत माफी उरलेली नाही अशी ती माफी.

बाकीची खिचडी निरनिराळ्या देशांतून आलेली. ‘बूकू’ म्हणजे पुष्कळ. हा फ्रेंचांचा ‘बोकू’, त्यांच्या राजवटीत व्हिएतनामी बाजारात रुळलेला. ‘नंबर वन’ म्हणजे उत्तम आणि ‘नंबर टेन’ म्हणजे एकदम वाईट. मधले आकडे कोणी वापरत नसे. प्रौढ बाईला ‘मामा-सान’, म्हाताऱ्याला ‘पापा-सान’. यातलं ‘सान’ जपानी, जपानमधल्या अमेरिकन तळांवरून आलेलं. व्हिएतनामशी त्याचा काही संबंध नाही. झोपडीला ‘हूच’, हाही जपानीतल्या घर या अर्थाच्या शब्दावरून आला असं मानतात. जंगल, आडरान यासाठी ‘बूनीज’. त्याचं मूळ फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतलं ‘बुंदोक’, म्हणजे डोंगर. १८९९ नंतर अमेरिकेनं तिथे युद्ध केलं तेव्हा सैनिकांनी हा शब्द उचलला होता.

म्हणजे बघा, व्हिएतनामी म्हातारी आपल्या दारात उभी आहे आणि समोरचा तिला जपानी प्रत्यय लावून हाक मारतोय, फ्रेंच शब्दानं विचारतोय, आणि तिच्या घरालाही बाहेरून आणलेल्या नावानं संबोधतोय. अमेरिकेची आशियातली आधीची सगळी युद्धं त्या पाच-सहा शब्दांत जमा झाली होती. तिच्या भाषेतलं त्याला जे येत होतं ते ‘चल निघ’.

दिवस मोजणारी बोली

या युद्धाची सगळ्यात मोठी शब्दसंपत्ती घरी परतण्याभोवती आहे. कारण साधं. लष्करातल्या सैनिकाला तिथे १२ महिने काढायचे असत, मरीन असेल तर १३. तुकडीनं एकत्र जायचं आणि काम फत्ते करून एकत्र परतायचं, असं नव्हतं. जो तो आपल्या तारखेला एकटा यायचा आणि आपल्या तारखेला एकटा जायचा. त्या तारखेचं नाव ‘डीरोस’. परदेशातून परतायला पात्र ठरण्याची तारीख, अशा अर्थाच्या लांबलचक सरकारी इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. युद्ध कधी संपणार हे कोणालाच माहीत नव्हतं, पण आपलं युद्ध कुठल्या दिवशी संपणार हे प्रत्येकाला पाठ होतं.

दिवस कमी उरले की माणूस ‘शॉर्ट’ झाला. इंग्रजीत शॉर्ट म्हणजे थोडा आणि बुटकाही. त्यामुळे शंभराच्या आत दिवस आले की तो ‘टू-डिजिट मिजेट’, दोन आकडी बुटका. दहाच्या आत आले की एक आकडी. मोजणीही ठरलेली: ‘बारा आणि एक वेक-अप’, म्हणजे पुरते बारा दिवस आणि तेराव्या दिवशी फक्त डोळे उघडायचे, लगेच निघायचं.

‘शॉर्ट-टायमर कॅलेंडर’ नावाचा एक कागद असे. त्यावर एखादं रेखाचित्र, कधी हेल्मेट आणि खाली नुसते बूट, कधी व्हिएतनामचा नकाशा, बऱ्याचदा बाईचं चित्र. ते चित्र बारीक बारीक तुकड्यांत विभागलेलं, लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखं, आणि प्रत्येक तुकड्यात आकडा. रोज रात्री एक तुकडा रंगवायचा. ज्यांना कागद सांभाळणं शक्य नव्हतं ते हेल्मेटच्या कापडी खोळीवर पेननं बारा महिन्यांची नावं लिहीत आणि एकेक खोडत जात. जुन्या छायाचित्रांत ही हेल्मेटं दिसतात. नावं खोडायची राहून गेलेली हेल्मेटंही असणारच, या विचारानं ती छायाचित्रं मला फार वेळ बघवत नाहीत.

नव्यानं आलेल्याला ‘चेरी’ म्हणत, किंवा ‘एफएनजी’, ज्यात नव्या माणसाच्या आधी एक शिवी आहे. त्याच्याशी कोणी फार बोलत नसे. तो चुकणार, चुकून आवाज करणार, सुरुंगावर पाय देणार आणि बरोबरच्याला घेऊन जाणार, ही भीती. शिवाय त्याच्याशी मैत्री झाली आणि तो गेला तर? उलट ‘शॉर्ट’ झालेला माणूस जास्तच सांभाळून वागे. म्हणजे एकाच तुकडीत शिकाऊ, सरावलेले आणि निघायच्या तयारीतले असे तिघे एकत्र, आणि तिघांचं युद्ध वेगळं. त्यात तुकडीचं नेतृत्व करणारे अधिकारी साधारण सहा महिन्यांतच बदलत. कोणाला काही समजू लागलं की त्याची जायची वेळ झालेली असे. जॉन पॉल व्हॅन हा तिथला एक नावाजलेला अमेरिकन सल्लागार. आपल्याकडे व्हिएतनामचा दहा वर्षांचा अनुभव नाही, एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा आहे, हे त्याच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य याच पद्धतीबद्दल आहे.

घरी नेणाऱ्या विमानाला ‘फ्रीडम बर्ड’ म्हणत. हे चक्क नेहमीचं प्रवासी विमान असे, आत हवाई सुंदरी, गार हवा, जेवणाचे ट्रे. आदल्या आठवड्यात चिखलात झोपलेला पोरगा दोन-तीन दिवसांत आपल्या गावातल्या स्वयंपाकघरात बसलेला असे. आधीच्या महायुद्धातले सैनिक बोटीनं परतले होते. त्या प्रवासात त्यांना आठवडे मिळाले होते, बरोबरीच्यांशी बोलायला, रडायला, झोपायला. फ्रीडम बर्डमधून आलेल्याला ते मिळालं नाही.

ग्रंट

पायदळातला सैनिक म्हणजे ‘ग्रंट’. पंचवीस-तीस किलोचं ओझं पाठीवर चढवताना तोंडातून जो हुंकार निघतो तोच हा शब्द, असं मानतात. ते ओझं घेऊन चालण्याला ‘हम्प’. अंतर मोजायचं ‘क्लिक’मध्ये, म्हणजे किलोमीटरमध्ये. रांगेत सगळ्यात पुढे चालणारा ‘पॉइंट’. सुरुंग असेल तर तो पहिल्यांदा त्याला सापडणार.

आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. व्हिएतनामचं युद्ध म्हणजे हेलिकॉप्टरचं युद्ध. त्यातलं सगळ्यात ओळखीचं ‘ह्यूई’. त्याचं अधिकृत नाव इरोक्वाय, एका मूळनिवासी अमेरिकन समाजावरून ठेवलेलं, पण ते कोणी उच्चारलं नाही. सुरुवातीच्या सरकारी क्रमांकातली एच, यू ही अक्षरं आणि पुढचा एकचा आकडा वाचताना जो उच्चार होतो त्यातून ह्यूई आलं.

जखमींना उचलणाऱ्या ह्यूईला ‘डस्ट ऑफ’ म्हणत. हे मुळात बिनतारीवरचं हाक मारायचं नाव, १९६३ मध्ये घेतलेलं. सुक्या शेतात हेलिकॉप्टर उतरलं की धुळीचा लोट उठायचा, त्यामुळे ते चपखल बसलं. या सेवेचा एक प्रमुख मेजर चार्ल्स केली. १ जुलै १९६४ ला तो गोळीबार चालू असताना जखमींना न्यायला उतरला. खालून त्याला परत परत सांगत होते, निघून जा. त्यानं उत्तर दिलं, “तुमचे जखमी माझ्याकडे आले की.” लगेच त्याला गोळी लागली आणि तो गेला. हे वाक्य पुढे डस्ट ऑफच्या वैमानिकांचं जणू ब्रीद झालं. या सगळ्या शब्दसंग्रहात ज्या शब्दापाशी मान आपोआप झुकते असा माझ्यासाठी हा एक आहे. कारण ग्रंटला माहीत होतं की आपल्याला लागलं तर डस्ट ऑफ येणार.

मरणाला सरळ मरण कोणी म्हणत नसे. ‘वेस्टेड’ म्हणत, म्हणजे वाया गेला, ‘झॅप्ड’ म्हणत. जवळचा मित्र गेला की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य, तेही व्याकरण मोडलेलं: ‘इट डोन्ट मीन नथिंग’. याला काही अर्थ नाही. ऐकणाऱ्याला ते निर्दय वाटेल. पण विचार करा, दुपारी मित्र गेलाय आणि संध्याकाळी पुन्हा ओझं उचलून त्याच वाटेनं चालायचंय. अर्थ शोधत बसला तर पाऊल उचलणार नाही. आपल्याकडे घरात माणूस गेला की भोवतीचे लोक ‘असतं एकेकाचं’ म्हणून हळूच विषय सोडून देतात. त्या पोराजवळ तेवढं म्हणायलाही कोणी वडीलधारं नव्हतं. स्वतःच स्वतःला सांगायचं आणि चालू लागायचं.

कार्यालयात घडलेले शब्द

आता वरचे शब्द. हे जंगलात जन्मले नाहीत. सायगावच्या मुख्यालयात आणि वॉशिंग्टनमध्ये ते बनले, टंकलेखन यंत्रावर.

या युद्धाला आघाडीची रेषा नव्हती. इतके मैल पुढे गेलो असं सांगता येत नव्हतं. मग आपण जिंकतोय हे दाखवायचं कशानं? उत्तर निघालं: ‘बॉडी काउंट’. प्रेतांची मोजणी. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा मोटार कंपनीच्या अध्यक्षपदावरून आले होते, आकड्यांवर त्यांचा गाढ विश्वास. सेनापती विल्यम वेस्टमोरलँड यांचा हिशोब असा, की शत्रू जितकी माणसं नव्यानं आणतो त्याहून जास्त मारली की तो वाकेल. प्रत्येक तुकडीकडून रोज आकडा मागवला जाई. ज्याचा आकडा मोठा त्याची बढती जवळ. खाली काय झालं असेल ते सांगायला नको. जे प्रेत सापडलं ते शत्रूचं धरलं. मेलेला असेल आणि व्हिएतनामी असेल तर तो व्हिएत काँग, अशी सैनिकांत म्हणच पडली.

‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ म्हणजे शोधा आणि नष्ट करा, ही मोहिमांची पद्धत. ऑगस्ट १९६५ मध्ये दा नांगजवळच्या काम ने या गावात मरीन सैनिक गवताच्या छपरांना खिशातल्या झिपो लायटरनं आग लावताना सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाहिनीच्या मॉर्ली सेफर या बातमीदाराच्या कॅमेऱ्यात पकडले गेले. म्हाताऱ्या बायका हात जोडत होत्या. ते दृश्य अमेरिकेत घराघरांत, संध्याकाळच्या बातम्यांत दिसलं. त्यानंतर अशा कारवाईला सैनिकांमध्ये ‘झिपो जॉब’ नाव पडलं. सिगारेट पेटवायची वस्तू आणि कारवाईचं नाव एक झालं. पुढे ‘नष्ट करा’ हे कानाला फार टोचू लागलं, तेव्हा १९६८ मध्ये शब्द बदलला: शोधा आणि साफ करा, किंवा बळानिशी टेहळणी. काम फारसं बदललं नाही.

‘फ्री फायर झोन’ म्हणजे जिथे दिसेल त्यावर गोळी चालवायला मोकळीक आहे असा टापू. आधी विमानातून पत्रकं टाकायची, ध्वनिक्षेपकावरून गाव सोडायला सांगायचं. त्यानंतर जो तिथे उरेल तो शत्रू. पण शेतकरी गाव सोडतो का? बापजाद्यांच्या समाध्या तिथे, पीक उभं. व्हिएतनामी माणसाचं पूर्वजांच्या समाधीशी असलेलं नातं त्या पत्रकांच्या लेखकाला ठाऊक नव्हतं. यालाही नंतर ‘ठरवून दिलेलं मारा क्षेत्र’ असं सभ्य नाव मिळालं.

नावं सभ्य करण्याची आणखी एक गोष्ट. जानेवारी १९६६ मध्ये बिन्ह दिन्ह प्रांतात एक मोठी मोहीम सुरू झाली, नाव ‘मॅशर’, ठेचून काढणारा. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ते नाव वर्तमानपत्रांत बरं दिसेना. मोहीम चालू असतानाच तिचं नाव ‘व्हाइट विंग’ झालं, पांढरा पंख. जमिनीवर तोफा त्याच होत्या. मार्च १९६९ मध्ये, पुढचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात, तटस्थ कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बफेक सुरू झाली. सगळ्या मोहिमेचं नाव ‘मेनू’, आणि तिच्या टप्प्यांची नावं ब्रेकफास्ट, लंच, डिनर, स्नॅक, सपर, डेझर्ट. हे मी जसंच्या तसं लिहितोय, यात माझी एकही अक्षराची भर नाही. पुढच्या वर्षी सैन्यच कंबोडियात घुसलं तेव्हा त्याला आक्रमण म्हटलं नाही, ‘इन्कर्शन’ म्हटलं. जंगलाची पानं झडावीत म्हणून १९६२ ते १९७१ या काळात विमानांतून ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली गेली. त्यातल्या सगळ्यात जास्त वापरलेल्या रसायनाचं नाव ‘एजंट ऑरेंज’. ऑरेंज का, तर पिंपावर नारिंगी पट्टा होता म्हणून. आत डायॉक्सिन हे जहाल विष होतं, हे त्या नावातून कोणाला कळणार?

आणि १६ मार्च १९६८. क्वांग न्गाई प्रांतातलं सोन मी गाव, त्यातली माय लाई ही वस्ती. ‘मी’ काय आणि ‘माय’ काय, व्हिएतनामीत शब्द एकच, मघाशी सांगितलेला, सुंदर या अर्थाचा. अमेरिकन नकाशावर हा भाग गुलाबी रंगात होता म्हणून सैनिक त्याला ‘पिंकव्हिल’ म्हणत. त्या सकाळी जी तुकडी तिथे उतरली तिचं नाव, अक्षरक्रमानं तिसरी म्हणून, चार्ली कंपनी. शत्रूला आणि स्वतःला एकच नाव. गावात लढणारं कोणी सापडलं नाही. बायका, म्हातारे, मुलं, तान्ही बाळं सापडली. व्हिएतनामच्या नोंदीनुसार ५०४ माणसं मारली गेली. अमेरिकन लष्करानं नंतर ३४७ चा आकडा दिला. त्या दिवशी वर कळवलेला बॉडी काउंट होता: शत्रूचे १२८ ठार, तीन बंदुका हस्तगत.

एकशे अठ्ठावीस माणसं आणि तीन बंदुका. हा हिशोब कोणीतरी वाचला, पुढे पाठवला, आणि त्यावर शाबासकी मिळाली. त्याच सकाळी ह्यू थॉम्प्सन नावाच्या वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं, काही जणांना बाहेर काढलं आणि वर तक्रार केली. तरीही वर्षभराहून जास्त काळ हे दडून राहिलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिमोर हर्श या पत्रकारानं ते बाहेर काढलं. चार्ली कंपनीतला अधिकारी लेफ्टनंट विल्यम कॅली याच्यावर खटला चालला, तेव्हा आरोपपत्रात मारल्या गेलेल्यांचा उल्लेख होता ‘ओरिएंटल ह्यूमन बीइंग्ज’, पौर्वात्य मानव. न्याय मागतानाही नुसतं माणसं लिहिलं गेलं नाही. शिक्षा त्या एकालाच झाली.

रोज संध्याकाळी सायगावमध्ये लष्कर पत्रकारांना हे आकडे सांगत असे. पत्रकारांनी त्या बैठकीला ‘फाइव्ह ओ’क्लॉक फॉलीज’ म्हटलं, पाच वाजताचा तमाशा. सांगितलं जातं ते आणि दिसतं ते यांच्यातल्या दरीला ‘क्रेडिबिलिटी गॅप’ हा शब्द जॉन्सन यांच्याच काळात रुळला. १९६७ च्या अखेरीस बोगद्याच्या टोकाशी उजेड दिसू लागला असं वरून सांगितलं जात होतं. जानेवारीच्या अखेरीस, टेटच्या म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. त्या धुमश्चक्रीत बेन त्रे हे गाव बॉम्बनं उद्ध्वस्त झालं, आणि पीटर आर्नेट या बातमीदारानं एका अनाम अमेरिकन मेजरचं वाक्य छापलं: गाव वाचवण्यासाठी ते नष्ट करणं भाग पडलं.

घरातली फाळणी

अमेरिकेतही भाषा दुभंगली. युद्ध हवं म्हणणारे ‘हॉक’, बहिरी ससाणे. नको म्हणणारे ‘डव्ह’, कबुतरं. सक्तीच्या भरतीला ‘ड्राफ्ट’. कॉलेजात शिकत असलेल्याला सूट, म्हणून गरिबाचा मुलगा आधी गेला. १ डिसेंबर १९६९ ला काचेच्या भांड्यात निळ्या कुप्या घालून जन्मतारखांची सोडत निघाली. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबरची. १९४४ ते १९५० या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या मुलांचा नंबर पहिला. त्याच्या महिनाभर आधी निक्सन यांनी ‘सायलेंट मेजॉरिटी’ला, मोर्चात न दिसणाऱ्या बहुसंख्यांना, हाक घातली होती.

सैन्याच्या आतही चिरा पडल्या होत्या. काळे सैनिक एकमेकांना ‘ब्लड’ म्हणत, गोऱ्यांना ‘चक’, आणि भेटले की मुठी-तळहातांच्या लांबलचक हालचालींनी अभिवादन करत, त्याला ‘डॅप’. आणि १९६९ नंतर ‘फ्रॅगिंग’ हा शब्द पसरला. आपल्याच अधिकाऱ्याच्या झोपायच्या जागेत हातबॉम्ब टाकणं. हातबॉम्बवर बोटांचे ठसे उरत नाहीत, कोणाचा ते कळत नाही. अशा शेकडो घटनांची नोंद लष्करानं स्वतः केली. ज्या सैन्याला या गोष्टीसाठी वेगळा शब्द लागतो ते आतून किती फाटलेलं असेल.

शब्द घरी गेले, एक मागे राहिला

परतलेल्यांच्या झोपमोडीला, अचानक घाबरण्याला, माणसांत न मिसळण्याला आधी ‘पोस्ट-व्हिएतनाम सिंड्रोम’ म्हणत. त्यांच्या आणि काही डॉक्टरांच्या झगड्यातून १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारी व्याधी, हे नाव अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या अधिकृत पुस्तकात आलं. आज आपल्याकडे भूकंपातून किंवा दंगलीतून वाचलेल्या माणसाबद्दल डॉक्टर हे नाव वापरतात. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या दगडी भिंतीवर ५८,००० हून अधिक अमेरिकनांची नावं कोरलेली आहेत. व्हिएतनामनं १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार उत्तरेच्या आणि मुक्ती आघाडीच्या बाजूचे ११ लाख सैनिक आणि देशभरातले सुमारे २० लाख नागरिक गेले. म्हातारे झालेले अमेरिकन सैनिक अजूनही एकमेकांना भेटले की ‘वेलकम होम’ म्हणतात. परतले तेव्हा त्यांना ते कोणी म्हटलं नव्हतं.

शेजारच्या लाओसमध्ये मात्र एक शब्द राहून गेला. १९६४ ते १९७३ या काळात त्या छोट्याशा देशावर अमेरिकेचे २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले, त्यांत सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब होते. मोठं आवरण हवेत उघडायचं आणि आतले शेकडो गोळे रानभर विखरायचे. त्यातले कोट्यवधी फुटलेच नाहीत. लाओ भाषेत त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. आकार टेनिसच्या चेंडूएवढा. भातशेतात कुदळ मारताना, चुलीखालची जमीन तापताना ते अजून फुटतात. सुरुंग काढणारी पथकं शाळांत जाऊन मुलांना त्यांची चित्रं दाखवतात आणि शब्द पाठ करून घेतात: बॉम्बी. दिसला तर हात लावायचा नाही, खेळायला उचलायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं.